टूथपेस्टचं पुस्तक

ज्याच्या हातात आपली दाढ आहे त्या माणसाशी वैर घेऊ नये, असं शहाणे लोक सांगतात. म्हणजे कोणी सांगितलेलं माझ्या ऐकिवात नाही, पण कोणीतरी मला वेळेवर सांगायला हवं होतं. मी वैर घेतलं. घेतलं ते घेतलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझी कीव करायला नको.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. दवाखाना आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. त्यांनी माझ्या उजवीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल सुरू केलं, आत बरंच काही कोरलं, वर तात्पुरतं सिमेंट लिंपलं आणि "पुढच्या आठवड्यात या" असं सांगून मला वाटेला लावलं. त्याच संध्याकाळी सूचनाफलकावर नोटीस लागली. वाचनालयाची खोली रिकामी करून तिथे व्यायामशाळा करण्याचा कमिटीचा विचार आहे, सभासदांनी वार्षिक सभेत मत द्यावं, आणि खाली अध्यक्षांची सही. सकाळी माझ्या तोंडात हात आणि संध्याकाळी माझ्या खोलीत पाय!

"माझी खोली" हे मी चुकून म्हटलेलं नाही. कागदोपत्री ती सोसायटीची आहे, हे मला मान्य आहे. तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या बोळात तिचं दार आहे आणि एकुलती एक खिडकी सायकली ठेवायच्या जागेकडे उघडते. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून तिथलं वाचनालय मी सांभाळतो, तेही बिनपगारी. घरात माझी किंमत "जरा तो वरचा डबा काढून द्या" एवढीच आहे. मुलीचा फोन मी उचलला तर ती "बाबा, कसे आहात, आईला द्या" हे एका श्वासात म्हणते. पण त्या खोलीतल्या टेबलामागे बसलो की मी ग्रंथपाल असतो. लोक फारसे येत नसत हे खरं, पण जे येत ते दारात चपला काढून, आवाज खाली करून येत. ती खोली गेली असती तर मी उरलेलं आयुष्य वरचे डबे काढण्यात घालवणार होतो.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या खुर्चीत मी आडवा पडलेला असताना अध्यक्षांनी विषय काढला. तोंडात नळी, कापूस आणि आरसा असताना माणसाशी चर्चा करायची, ही त्यांची जुनी पद्धत आहे.

"हे बघा, माझं वाचनाशी भांडण नाही," ते म्हणाले. "पण तुमच्याकडे पुस्तकं किती, कुठे, कोण नेतं, कोण परत करत नाही, कशाचा कशाला मेळ नाही. आजच्या काळात हे चालतं का? सगळं संगणकावर आणा, सभेसमोर चालवून दाखवा, मग खोलीचं बघू. मान्य?"

मी "आ" म्हणालो. त्याचा अर्थ "वाट बघा" असा होता. त्यांनी तो "मान्य" असा घेतला आणि माझ्या दाढेवर पुन्हा तात्पुरतं सिमेंट लिंपलं.

आता संगणक माझ्याकडे होता. मुलीने नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला होता आणि आमच्या घरात त्याच्यावर टेबलक्लॉथ घातलेला असे. प्रश्न होता तो पुस्तकं त्याच्यात घालायची कशी हा. इथे माझे साडू कथेत येतात. साडू हे नातं मोठं गोड असतं. त्यात प्रेम असतंच, पण ते एकमेकांच्या वस्तूंवर जरा जास्त असतं. माझ्या मेहुणीच्या या नवऱ्याचं मोठं दुकान होतं, आपण हाताने वस्तू उचलून टोपलीत टाकायच्या आणि शेवटी गल्ल्यावर यायचं, तसलं. ते बंद करून ते शेतीत पडणार होते आणि दुकानातला माल मिळेल त्या भावात काढत होते. आमची अख्खी इमारत तिथून साबण, चहा आणि बिस्किटं पोत्याने भरून आणत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती माझ्यावरच उलटणार आहे.

"साडूभाऊ, हे घेऊन जा," म्हणत त्यांनी गल्ल्याखालून एक काळा दणकट डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. पुढे काच, मागे वायर. "बारकोड वाचायचं यंत्र. आणि साधंसुधं नाही, होलोग्राफिक लेझर आहे!"

मी आदराने डब्याकडे पाहिलं.

"आत एक तबकडी गरगर फिरते," साडू सांगू लागले. "तिच्यावर होलोग्रामचे तुकडे पाकळ्यांसारखे बसवलेत. प्रत्येक तुकडा लेझरचा किरण वेगळ्या दिशेला वळवतो आणि वेगळ्या अंतरावर नेमका पाडतो. म्हणजे तुम्ही वस्तू उलटी धरा, तिरकी धरा, काचेला चिकटवा नाहीतर हातभर लांब धरा, कुठला ना कुठला किरण त्या काळ्या रेघांना गाठतोच. अगदी तुमच्या मेहुणीसारखं. मी कुठल्याही दाराने घरात शिरलो तरी तिला दिसतो."

मी ते यंत्र टॅक्सीत मांडीवर घेऊन आलो. फाटकाशीच पहिला घोळका जमला. होलोग्राफिक हा शब्द मी उगाच बोलून बसलो. दुसऱ्या दिवसापासून लोक हवेत तरंगणारी चित्रं बघायला येऊ लागले. कोणाला डायनासोर हवा होता, तर एका आजोबांनी खासगी आवाजात विचारलं की गेलेली माणसं दिसतात का. मी प्रत्येकाला समजावून सांगत होतो की यातला होलोग्राम बघायचा नसतो, तो फक्त प्रकाशाला वळण लावतो. "मग त्याचा उपयोग काय?" असं म्हणून लोक हिरमुसून जात. मला प्रकाशाची दया यायची. वळण लागलेल्याची या जगात कोणाला किंमत नाही.

तेवढ्यात हरकतकाकांनी हरकत घेतली. त्यांचं खरं नाव सोसायटीत कोणाला आठवत नाही. ठराव कोणताही असो, "माझी हरकत आहे" असं म्हणून ते उभे राहतात, अगदी शोकप्रस्तावालासुद्धा.

"लेझर डोळ्यात जातं," ते बोळात उभे राहून सगळ्यांना सांगत होते. "मला विचारा. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर याच लेझरने डोळ्यातली जाळी काढली. नगरपालिकेचं पत्र आणल्याशिवाय हे यंत्र इथे चालू देणार नाही."

आयुष्य सरकारी टेबलाच्या आतल्या बाजूला काढलेला मी, बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. आरोग्य विभागात बाईंनी विचारलं, "दवाखाना आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांनी अर्ज परवाना विभागाकडे ढकलला. परवाना विभागातले गृहस्थ म्हणाले, "लेझर म्हणजे रोषणाई. गाणी असणार का?" मी म्हणालो, वाचनालय आहे. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि मला शिक्षण विभाग दाखवला. शिक्षण विभाग म्हणाला, किरण भिंतीवर पडत असेल तर बांधकाम विभागात जा. बांधकाम विभागाने किरणाची लांबी-रुंदी विचारली आणि नकाशा जोडायला सांगितला. शेवटी मीही जुनं खोड. त्या प्रत्येक टेबलावर मी "मग तसं लिहून द्या" म्हणून ठाण मांडून बसलो. सगळ्यांनी माझ्या अर्जावर "या विभागाशी संबंध नाही" असा शेरा मारून गोल शिक्का उठवला. तो कागद मी फ्रेम करून यंत्राच्या वर लावला. हरकतकाका जवळ गेले, शिक्के बघून घेतले आणि "आता कसं कायदेशीर झालं" म्हणून समाधानाने निघून गेले.

यंत्र आलं, पण पुस्तकांवर चिकटवायला बारकोड कुठे होते? आमची पुस्तकं बारकोडच्या आधीची. छापील स्टिकर मिळतात असं कळल्यावर मी कमिटीकडे मागणी केली. अध्यक्ष म्हणाले, "आधी खोली राहते का ते तर ठरू दे." कमिटीतले बाकीचे हसले. मला त्यांचं हसणं झोंबलं. मी उठून म्हणालो, "ठेवा तुमचे स्टिकर तुमच्याकडे! मी माझं बघून घेईन." आणि ताठ मानेने बाहेर पडलो. ताठ मानेने बाहेर पडलेल्या माणसाला पुढे काय करायचं हे सहसा माहीत नसतं. मलाही नव्हतं.

घरी आलो, हिने चहा टाकला, आणि ओट्यावरच्या चहाच्या पुड्यावर माझी नजर गेली. काळ्या रेघा! साबणाच्या वेष्टनावर रेघा! बिस्किटांच्या पुड्यावर, टूथपेस्टच्या खोक्यावर रेघाच रेघा! अरे, ज्यासाठी मी कमिटीपुढे हात पसरत होतो ते घराघरातल्या कचऱ्याच्या डब्यात पडलं होतं. बारकोड म्हणजे शेवटी एक नंबर. तो नंबर साबणाने वापरला काय आणि कादंबरीने वापरला काय? मी आनंदाने इतका जोरात उठलो की चहा सांडला. "काय झालं?" ही म्हणाली. मी म्हणालो, "क्रांती." ती म्हणाली, "मग फडकं घ्या."

"रिकामी वेष्टनं वाचनालयात आणून द्या" अशी मी नोटीस लावली. माझ्या कोणत्याही नोटिशीला एवढा प्रतिसाद कधी मिळाला नव्हता. साडूंच्या दुकानातला माल घरोघरी संपत होता. खोलीत वेष्टनांचे ढीग लागले. मी कात्रीने रेघा कापायचो आणि डिंकाने पुस्तकांना चिकटवायचो. डिंक अस्सल, एकदा चिकटला की पुठ्ठा फाटेल पण कागद सुटणार नाही असा. खोलीला साबणाचा सुवास येऊ लागला. ही एकदा डोकावून म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही जुन्या कागदाचा वास घेऊन घरी यायचात. हे बरं आहे."

संगणकाचं काम जावयांनी केलं. जावई संगणकवाले आहेत, स्वभावाने अत्यंत गरीब. समोरच्याला वाईट वाटेल असा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. त्यांनी फोनवरून सगळं समजून घेतलं आणि असं करून दिलं की यंत्राला बारकोड दाखवायचा, पुस्तकाचं नाव लिहायचं, झालं. पुढे कधीही तो बारकोड दिसला की संगणकातून एक बाई खणखणीत आवाजात म्हणणार, "नमस्कार! आपले पुस्तक..." आणि पुढे पुस्तकाचं नाव. वाचनालयात शांतता पाळावी अशी पाटी माझ्याच हस्ताक्षरात लावलेली आहे. पण जावयाला "ती बाई नको" असं सांगायचं कोणी? मी मुलीला सुचवून बघितलं. ती म्हणाली, "बाबा, त्यांनी किती हौसेने केलंय!" बाई राहिली.

माणसाचा स्वभाव त्याच्या कामात उतरतो, हे मला नंतर कळलं. एकच नंबर दुसऱ्यांदा आला तर कोणताही उद्धट प्रोग्राम ओरडला असता, "अहो, हा नंबर आधी दिलाय!" जावयांच्या प्रोग्रामला सासऱ्याला असं तोंडावर बोलणं जमलं नाही. तो आधीचं नाव गुपचूप पुसायचा, नवीन नाव लिहून घ्यायचा आणि गप्प बसायचा.

उद्घाटनाच्या दिवशी वायर अपुरी पडली, म्हणून टेबल दाराला लागून ठेवावं लागलं आणि यंत्राची काच बोळाकडे झाली. बोळ इतका अरुंद की जाणाऱ्याची पिशवी टेबलाला घासून जाते. मी नवीन शर्ट घालून बसलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बाजारातून जाळीची पिशवी घेऊन आल्या आणि यंत्र पींऽऽ करून वाजलं.

"नमस्कार! आपले पुस्तक... पश्चात्तापाची पहाट!"

"वहिनी, जरा थांबता का?" मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो. "पिशवीत आपलं एक पुस्तक चुकून गेलंय बहुतेक."

वहिनी जागच्या जागी थांबल्या. "पुस्तक? मी चोरलं म्हणता?"

"चोरलं नाही म्हणत मी. चुकून..."

"अहो, इतकी वर्षं या बोळातून जाते-येते, पण तुमच्या खोलीत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. चोरी करायला तरी आत यावं लागेल ना!"

चोरीपेक्षा हे मला जास्त लागलं. तोवर जिन्यात माणसं जमली होती. वहिनींनी तणतणत पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. साबण निघाला. "पश्चात्तापाची पहाट!" बाई गरजली. चहा निघाला. "मूळव्याध, समज आणि गैरसमज!" बिस्किटांच्या पुड्याला तिने "सुखी संसाराची सोपी सूत्रे" ठरवलं. बटाट्यांवर मात्र ती काही बोलली नाही. हरकतकाका म्हणाले, "बटाटे निर्दोष आहेत."

मी साडूंना फोन लावला. ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "साडूभाऊ, बारकोड म्हणजे वस्तूचं आडनाव असतं, नाव नव्हे! त्या साबणाच्या जगातल्या सगळ्या वड्यांचा नंबर एकच. तुम्ही काय, सगळ्या पुस्तकांना एकाच घरात नांदायला लावलंत?"

तसंच झालं होतं. अख्ख्या इमारतीने साडूंचाच साबण, साडूंचाच चहा आणि डॉक्टर लिहून देत ती एकच टूथपेस्ट घेतली होती. कपाटं भरभरून पुस्तकं होती, पण यंत्राच्या मते वाचनालयात जेमतेम चाळीस पुस्तकं उरली होती. साबण लावलेल्या सगळ्या ग्रंथांपैकी शेवटचं जे चिकटलं, ती "पश्चात्तापाची पहाट" तेवढी जिवंत होती.

"काढून टाका ते सगळे कागद," ही म्हणाली.

"निघणार नाहीत. डिंक अस्सल आहे."

"मग सभेत काय सांगणार?"

"जे आहे ते सांगणार. यंत्र काढणार नाही, कागद काढणार नाही आणि खोलीही सोडणार नाही."

"तुमची दाढ अर्धी आहे, विसरू नका," ती म्हणाली. ही माझी अर्धांगी.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी दारात आल्या. इकडेतिकडे बघितलं, चपला काढल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते पश्चात्तापाची पहाट म्हणून काही खरंच आहे का? की यंत्र उगाच बोलतं?" मी म्हणालो, आहे. त्या म्हणाल्या, "नाही, साबण माझाच होता, म्हणून म्हटलं बघावं काय आहे ते." मी पुस्तक काढून दिलं. ते पदराने पुसून त्या घेऊन गेल्या. त्यांच्या पाठीकडे मी बराच वेळ बघत राहिलो. इतक्या वर्षांत त्या बोळातून दुकानाकडे गेल्या होत्या, दवाखान्याकडे गेल्या होत्या, पण पुस्तक घेऊन घरी पहिल्यांदाच जात होत्या.

वार्षिक सभा अध्यक्षांनी मुद्दाम वाचनालयातच ठेवली. व्यायामशाळेची जागा सगळ्यांना डोळ्यांनी बघता यावी, असं कारण दिलं होतं. शिवाय "निरोगी शरीराची सुरुवात दातांपासून होते" म्हणून फाटकाशी उभं राहून प्रत्येक सभासदाच्या हातात त्यांनी एकेक टूथपेस्ट फुकट ठेवली. मतं कशी गोळा करायची हे त्यांना चांगलं कळतं. फक्त यंत्र दाराशी आहे, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

पहिले हरकतकाका आले. पींऽऽ! "नमस्कार! आपले पुस्तक... कुक्कुटपालन, एक फायदेशीर जोडधंदा!"

मागून वहिनी आल्या. "कुक्कुटपालन, एक फायदेशीर जोडधंदा!" मग दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं आलं, त्यांनाही कुक्कुटपालन आणि दोघांना स्वतंत्रपणे. खोक्याचं तोंड खाली असो, वर असो, कोणी ते काखेत मारलेलं असो, तबकडी फिरत होती आणि कोणता ना कोणता किरण जाऊन टूथपेस्टला गाठत होता. आधी लोक दचकले, मग हसले, आणि निम्मी सभा आत येईपर्यंत बसलेले सगळे प्रत्येक येणाऱ्याला बाईबरोबर एका सुरात सांगू लागले, "कुक्कुटपालन, एक फायदेशीर जोडधंदा!" शेवटी उरलेल्या टूथपेस्टचं खोकं उराशी धरून अध्यक्ष आत शिरले आणि बाईला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. मला वायर काढता आली असती. काढली नाही.

खोकं कोणीतरी टेबलाखाली ढकललं तेव्हा कुठे अध्यक्षांना बोलता आलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"हसून घ्या," ते म्हणाले. "पण डोळ्यांनी बघा काय चाललंय. टूथपेस्ट कोणती आणि पुस्तक कोणतं, एवढा फरक ज्या वाचनालयाला कळत नाही ते कशासाठी चालवायचं? ग्रंथपाल, मी हे संगणकावर आणायला सांगितलं होतं. तुम्ही हा पोरखेळ करून ठेवलात. यंत्र चुकलंय, हे तरी मान्य करता का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. दाढ ठणकत होती. कोपऱ्यातून ही मला खाली बसायची खूण करत होती. मी उभा राहिलो.

"यंत्र चुकलेलं नाही," मी म्हणालो. "ते समोर येईल ते इमानाने वाचतंय. चूक माझी आहे. ती मी डिंकाने चिकटवली आहे आणि ती आता निघायची नाही. यंत्राला चाळीसच पुस्तकं माहीत आहेत, हेही खरं. पण बाकीची मला माहीत आहेत. कोणतं कुठल्या फळीवर आहे, कोणाचं पान कुठे दुमडलंय, डोळे मिटून सांगतो, विचारा! आणि अध्यक्षमहाराज, हे कुक्कुटपालन मी या खोलीत आलो तेव्हापासून त्या खालच्या फळीवर पडून आहे. आजपर्यंत एका माणसाने त्याचं नाव घेतलं नव्हतं. आज तुम्ही सगळ्यांनी एका सुरात घेतलंत. पोरखेळ म्हणता? मग पोरखेळ तर पोरखेळ! खोली हवी असेल तर मतं मोजा. पण मी आपणहून किल्ली देणार नाही. माझी दाढ तुमच्या ताब्यात असेल, किल्ली माझ्या ताब्यात आहे!"

शेवटच्या वाक्याला माझ्या दाढेवरचं सिमेंट निघालं आणि मी ते गिळलं. पण तसं कोणाला कळू दिलं नाही.

व्यायामशाळेचं काय होईल ते होवो, मला बोलून फार बरं वाटलं होतं.

वहिनी उठल्या. "ते कुक्कुटपालन मला द्या. माझी पहाट वाचून झाली. शेवट काही मला पटला नाही, पण वाचली."

"माझी हरकत आहे!" हरकतकाका ताडकन उभे राहिले. "आधी आत मी आलो. यंत्राने पहिलं नाव माझ्यासाठी पुकारलंय. टूथपेस्ट माझ्याकडेही आहे!"

"टूथपेस्ट सगळ्यांकडेच आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मग नंबर लावा," मी म्हणालो.

"आणि कॉफीला काय आहे?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं. मी म्हणालो, दाखवल्याशिवाय मलाही सांगता यायचं नाही. त्या तशाच उठून वर गेल्या. त्यांच्या मागोमाग एकेक जण उठला. अध्यक्ष रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने सभा परत आली ती दाढीचा साबण, खोबरेल तेलाची बाटली, धुण्याची पावडर आणि झुरळांचं औषध घेऊन. झुरळांच्या औषधाला प्रेमकविता निघाल्या. त्या औषधवाल्यांनी लाजत लाजत नेल्या.

त्या गडबडीत मतं मोजली गेली. खोली घेण्याच्या बाजूने दोन हात वर झाले. एक अध्यक्षांचा आणि दुसरा ज्यांना घरातली व्यायामाची सायकल खपवायची होती त्यांचा.

आता आमच्या इमारतीत नव्या पुस्तकासाठी लोक साबण बदलतात. कोपऱ्यावरचा दुकानदार तक्रार करतो की गिऱ्हाईक भाव विचारत नाही, वेष्टन बघत बसतं. ज्यांच्यावर वेष्टनंच नाहीत अशी पुस्तकंही जाऊ लागली आहेत. बटाटे घेऊन आलेल्याला मी स्वतः निवडून पुस्तक देतो. मध्यंतरी कमिटीकडून पत्र आलं की छापील स्टिकर मंजूर झाले आहेत, मागणी कळवावी. मी त्या पत्रावर "या वाचनालयाशी संबंध नाही" असा शेरा मारला आणि ते परत पाठवून दिलं.

राहता राहिली दाढ. ती उघडीच होती आणि गार पाण्याने मस्तकात कळ जात होती. ही म्हणाली, "गावात दुसरे डॉक्टर काय थोडे आहेत?" मी म्हणालो, "मी का पळू? दाढ मी त्यांच्याकडे सुरू केली, तिथेच पुरी करणार." मी जाऊन खुर्चीत आडवा झालो. अध्यक्षांनी एक शब्दही न बोलता सुई टोचली, कापूस कोंबला, नळी लावली आणि कोरायला सुरुवात केली. मी छताकडे बघत होतो. सूड घ्यायचा असता तर याहून चांगली वेळ त्यांना मिळणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मध्येच त्यांनी कोरणी थांबवली. मदतनीस बाई बाहेर गेल्याची खात्री करून घेतली आणि माझ्या कानाशी वाकले.

"ते कुक्कुटपालन..." ते खाकरले. "म्हणजे टूथपेस्ट मीच दिली होती सगळ्यांना. आणि माझाच नंबर लागत नाही. इथेच आणून द्याल का, कोणाला न कळता?"

मी त्यांचा हात बाजूला सारला. उठून बसलो, कापूस काढला, चूळ भरली. अर्धा ओठ बधिर होता, पण उरलेल्या अर्ध्याने मी स्वच्छ शब्दांत सांगितलं.

"वाचनालय संध्याकाळी उघडं असतं. बोळातल्या दाराने या, चपला बाहेर काढा आणि हरकतकाकांच्या मागे नंबर लावा. आणि हो, येताना टूथपेस्ट घेऊन या. यंत्राला दाखवल्याशिवाय आम्ही कोणालाही पुस्तक देत नाही."

एवढं बोलून मी पुन्हा आडवा झालो आणि आ वासला.